दिवा कां लागत नाहीं?

यंत्र अडलें कीं तें बदलून टाकावें, अशी रीत आजकाल घरोघरीं पडली आहे. मोबाईलची पाठ कारखान्यांतूनच चिकटवून येते. ती उघडूं जातां हमी रद्द होते, आणि उघडणाऱ्या मुलास वडिलांचीं बोलणीं खावीं लागतात तीं निराळींच. त्यामुळें संगणक जरी घरोघरीं झाला, तरी त्याच्या अंगास हात लावण्याची मुभा मुलांस पूर्वींपेक्षां कमीच उरली आहे. अशा काळीं रास्पबेरी पाय या नांवाचा संगणक, जो बँकेच्या कार्डाएवढ्या एका हिरव्या फळीवर सगळा उघडा मांडलेला असतो, तो आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर येऊन बसला, ही आम्ही मोठी इष्टापत्ति समजतों. मुलें त्यास नुसतें ‘बोर्ड’ म्हणतात. आम्हीही येथें तोच शब्द वापरूं.

हा बोर्ड निघाला त्यामागील हेतु आमच्या पालकवर्गानें ध्यानांत घेण्याजोगा आहे. इंग्लंडांतील केंब्रिज येथें एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांस असें आढळून आलें कीं, विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकावयास येऊं इच्छिणारे विद्यार्थी संख्येनें घटत आहेत, आणि जे येतात त्यांस संगणक वापरतां येतो, पण त्यास नवें काम सांगतां येत नाहीं. मुलांनीं मोडला तरी घर बुडूं नये इतका स्वस्त संगणक त्यांच्या हातीं द्यावा, या विचारानें त्यांनीं हा बोर्ड काढला. तो २०१२ सालीं २९ फेब्रुवारीस विक्रीस आला, व त्या पहिल्या नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. त्याच्या एका कडेस सुयांसारख्या पिनांची दुहेरी रांग असते. आरंभीं त्या २६ होत्या, २०१४ पासून ४० झाल्या. एरवीं संगणकाचें सारें कर्तृत्व पडद्यावरच संपतें. या पिनांच्या द्वारें मात्र तो बाहेरच्या जगांत हात घालतो. दिवा लावतो, बटण दाबलेलें ओळखतो, पाण्याच्या टाकीची पातळी मोजतो. आणि नेमकी तेथेंच मुलांची पंचाईत सुरू होते, कारण दिवा लागत नाहीं.

आमचें म्हणणें असें आहे कीं, खरा धडा या क्षणीं सुरू होतो, आणि आम्ही शिक्षक व पालक मिळून तो याच क्षणीं बंद पाडतों. विज्ञान-प्रदर्शनाच्या दिवशीं परीक्षक येतात, दिवा लागला तर मान डोलावतात, न लागला तर पुढच्या टेबलाकडे वळतात. दिवा कां लागला हें लागलेल्यास कोणी विचारीत नाहीं, व कां लागला नाहीं हें न लागलेल्यासही कोणी विचारीत नाहीं. याचा परिणाम व्हावयाचा तोच होतो. कांहीं पालक बाजारांतून तयार ‘मॉडेल’ विकत आणून देतात. तें लागतें, व बक्षीस घरीं नेतें. ज्या मुलानें आठवडाभर आपल्या हातांनीं तारा जोडल्या त्याचा दिवा ऐन वेळीं रुसतो, व तो मुलगा खालमानेनें आपला तक्ता गुंडाळूं लागतो. हा अन्याय आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला आहे, आणि तो चालूं राहूं द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम दिवा न लागण्याचीं कारणें कोणत्या जातीचीं असतात तें पाहूं; म्हणजे आमच्या म्हणण्यांतील मर्म वाचकांच्या लक्षांत येईल.

सर्वांत साधें, आणि सर्वांत अधिक मुलांस फसविणारें कारण म्हणजे पिनांचीं दोन नांवें. एक नांव रांगेंतील जागेवरून मोजलेलें. दुसरें आंतील चिपेनें त्या पिनेस दिलेलें. जगाच्या दृष्टीनें घराचा क्रमांक एक आणि घरांतल्या माणसांच्या तोंडीं घराचें नांव दुसरें, त्यांतलाच हा प्रकार. आज्ञावलींत ‘१७’ असें लिहिलें असतां बहुतेक धड्यांत तें चिपेचें नांव असतें, आणि ती पिन रांगेंत मोजूं जातां ११ वी भरते. आतां मौज पाहा: रांगेंत मोजून जी १७ वी येते, ती मुळीं आज्ञेची पिनच नव्हे, तींतून ३.३ व्होल्टांची वीज अखंड वाहते. जो विद्यार्थी मोजून १७ व्या पिनेंत तार खोंवतो, त्याचा दिवा लागतो, पण कांहीं केल्या विझत नाहीं! तो बिचारा आज्ञावली पुन्हा पुन्हा लिहितो. दिवा त्याच्या आज्ञेकडे ढुंकूनही पाहत नाहीं. हा विनोद येथवरच राहिला तर बरें. ‘४’ या नांवाची पिन मोजून ७ वी आहे. पण मोजून जी ४ थी येते, तींत ५ व्होल्ट असतात, आणि तेथें भलतें कांहीं जोडणें म्हणजे बोर्डाच्या जिवावर बेतणें होय. संगणकास ‘पिनआउट’ एवढी एक आज्ञा दिली असतां तो या दोन्ही नांवांचा नकाशा पडद्यावर काढून दाखवितो. हा नकाशा पाहिल्यावांचून तार उचलूं नये, असा दंडक आम्हीं आमच्या वर्गांत घातला आहे.

दुसरी गोष्ट शोधण्याच्या पद्धतीची. दिवा लागला नाहीं कीं मुलें एकदम सगळेंच बदलतात. तार बदलतात, पिन बदलतात, आज्ञावलींतील दोन ओळी बदलतात, आणि मग दिवा लागलाच तर तो कशानें लागला हें त्यांस सांगतां येत नाहीं. शुभवर्तमानांतील त्या बाईचें नाणें हरवलें तेव्हां तिनें काय केलें हें आमचे विद्यार्थी जाणतात. तिनें आधीं दिवा लावला, मग घर झाडलें, आणि मिळेपर्यंत नेटानें शोधलें. घरांतील भांडीं रस्त्यावर फेकून दिलीं नाहींत. आमच्या शोधांतही असाच क्रम हवा, आणि तो क्रम अर्ध्याअर्ध्यानें चालावा. दिव्याकडे जाणारी तार आज्ञेच्या पिनेंतून काढून रांगेंतील पहिल्या पिनेंत, म्हणजे ३.३ व्होल्टांच्या पिनेंत, खोंवावी. रोधक मात्र मध्यें असूं द्यावा. एवढ्यानें दिवा लागला तर दिवा, रोधक, परतीची तार हीं सारीं निर्दोष ठरलीं. दोष पिनेच्या निवडींत किंवा आज्ञेंत आहे. न लागला तर संगणकास बोल लावण्याचें कारणच उरलें नाहीं; दिव्याचे पाय उलटे असतील (लांब पाय धन बाजूस हवा), किंवा ब्रेडबोर्डांतील भोंकें समजण्यांत चूक असेल. लांब ब्रेडबोर्डाच्या कडेची विजेची पट्टी कित्येकदां मध्येंच तोडलेली असते, आणि वरून रंगाची रेघ अखंड दिसते. या एका लबाडीनें किती संध्याकाळी खाल्ल्या असतील त्याची गणती नाहीं.

दिवा निर्दोष ठरल्यावर पुन्हा अर्ध करावें. नव्या बोर्डांबरोबर येणाऱ्या प्रणालींत ‘पिनकंट्रोल’ नामक एक साधन असतें. त्यास विचारलें असतां अमुक पिन ऐकण्याच्या स्थितींत आहे कीं बोलण्याच्या, व तिच्यावर या घटकेस वीज आहे कीं नाहीं, हें तें सांगतें. इतकेंच नव्हे तर पायथनची एक ओळही न लिहितां पिन चालूबंद करून दाखवितें. त्यानें दिवा लागला आणि मुलाच्या आज्ञावलीनें लागला नाहीं, तर शोध आतां एका पानावर येऊन ठेपला. कधीं असेंही दिसतें कीं पिन ‘व्यग्र’ आहे असा निरोप येतो. म्हणजे सकाळीं चालविलेली जुनी आज्ञावली मागें चालूच आहे व ती पिन सोडीत नाहीं. ती बंद केली कीं भागतें. येथें नवा बोर्ड विकत आणणें हें डोकेंदुखीवर नवें डोकें आणण्यासारखें आहे.

तिसरें कारण आमच्या मतें शिक्षणाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें, म्हणून त्यावर थोडें थांबतों. कित्येकदां धडा बरोबर असतो, तारा बरोबर असतात, बोर्ड निरोगी असतो, आणि तरीही दिवा लागत नाहीं. २०१९ पर्यंतच्या सर्व प्रमुख नमुन्यांत या पिना बोर्डावरील मुख्य चिपेच्या ताब्यांत होत्या. पिना हलविण्यासाठीं ‘आरपीआय जीपीआयओ’ नांवाचा जो तयार आज्ञांचा संग्रह जगभरच्या शाळांनीं वापरला, तो त्या मुख्य चिपेच्या ठरावीक पत्त्यांवर थेट जाऊन काम करी. २०२३ सालीं पांचवा नमुना आला, आणि पिनांचा कारभार ‘आरपी१’ नामक एका वेगळ्या चिपेकडे गेला. जुना संग्रह जुन्या पत्त्यावर जातो. तेथें आतां कोणी राहत नाहीं. आणि पत्ता ठरवितां येत नाहीं अशा अर्थाचा निरोप देऊन तो थांबतो. उपाय अवघड नाहीं. ‘एलजीपीआयओ’ या नव्या संग्रहावर उभारलेला, पण जुन्याच नांवानें हाक मारतां येणारा असा एक पर्यायी संग्रह आहे; जुना काढून टाकून तो बसविला कीं मुलाची आज्ञावली होती तशी चालते. दोन्ही एकत्र मात्र ठेवतां येत नाहींत. याहून गमतीची गोष्ट अशी कीं, त्याच पांचव्या नमुन्यांत या पिनांच्या समूहास प्रणालीनें आधीं ४ हा क्रमांक दिला होता, तो पुढें प्रणालीच्या सुधारणेनंतर ० झाला. म्हणजे २०२३ सालचा निर्दोष धडा पुढें त्याच बोर्डावर सदोष ठरला!

यावरून मुलांनीं कोणता प्रश्न विचारावयास शिकावें? हा धडा कोणत्या सालचा, आणि कोणत्या नमुन्यासाठीं लिहिलेला? छापलें आहे म्हणून खरें, गुरुजी म्हणाले म्हणून खरें, हजार लोकांनीं वाखाणलें म्हणून खरें, असें मानण्याची संवय आमच्या मुलांस आम्हींच लाविली आहे. प्रवचनांत थोमाचें नांव बहुधा अविश्वासाचा मासला म्हणून घेतलें जातें. आम्हांस मात्र त्याच्याविषयीं नेहमीं कांहीं आपुलकी वाटत आली आहे. त्यानें बोट लावून पाहीन म्हटलें, आणि त्यास कोणी हांकून दिलें नाहीं; हात पुढें कर असेंच सांगण्यांत आलें. श्रद्धेच्या प्रांतांत न पाहतां मानणाऱ्याची थोरवी वेगळी, हें आम्ही जाणतों. तारांच्या प्रांतांत बोट लावून पाहिलेंच पाहिजे. (वीज बंद करून, हें सांगणें न लगे, तरी सांगतों.)

आतां एका वाईट संवयीविषयीं. कधीं पिनेस हात लावण्याची परवानगी नाहीं असें संगणक सांगतो. जुन्या संग्रहाचा निरोप तर रूट होऊन पाहा असाच सल्ला देतो. रूट म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी; आज्ञेपूर्वीं ‘सुडो’ हा शब्द लिहिला कीं मुलगा क्षणभर सर्वाधिकारी होतो, आणि दिवा लागतो. त्या दिवसापासून तो प्रत्येक ओळीपूर्वीं ‘सुडो’ लिहितो, कां लिहितो हें न कळतां. आमच्या दृष्टीनें हें म्हणजे खडूच्या पेटीसाठीं हेडमास्तरांच्या कमरेचा सबंध जुडगा मागून नेण्यासारखें आहे. खडू मिळतो खरा. पण त्याच जुडग्यानें एखादें चुकीचें अक्षर लिहून सबंध कार्डावरील काम पुसून टाकण्याचाही अधिकार हातीं येतो. शिवाय अलीकडे प्रत्येक कामासाठीं पायथनची वेगळी खोली करण्याची पद्धत पडली आहे, आणि ‘सुडो’ म्हणतांच संगणक ती खोली सोडून मुख्य दिवाणखान्यांतील पायथन उचलतो. मग काल बसविलेला संग्रह आज सांपडत नाहीं म्हणून नवाच घोळ. योग्य उपाय असा कीं, त्या विद्यार्थ्याचें नांव पिना वापरणाऱ्यांच्या ‘जीपीआयओ’ या गटांत एकदां घालावें. ज्यास जेवढें काम, त्यास तेवढीच किल्ली. पुढें हीच मुलें कचेऱ्यांत व बँकांत बसतील, तेव्हां हा फरक त्यांस उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

वर पांच व्होल्टांचा उल्लेख आला. या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टांच्याच आहेत. ऐकणाऱ्या पिनेंत ५ व्होल्ट शिरले तर ती पिन, व कधीं सबंध बोर्ड, कायमचा जातो. मुलें चित्रें उतरून घेतात तीं बहुधा आर्डुइनो उनोचीं असतात, आणि त्याचा व्यवहार ५ व्होल्टांचा आहे. अंतर मोजणारा जो दोन डोळ्यांचा संवेदक प्रत्येक प्रदर्शनांत दिसतो, तो ५ व्होल्टांवर चालतो व आपला प्रतिध्वनिही ५ व्होल्टांतच परत करतो. मध्यें १ हजार व २ हजार ओहमांचे दोन रोधक घालून तो दाब दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारें ३.३ व्होल्ट, करून घ्यावा लागतो. हे दोन रोधक कांहीं पैशांचे असतात. ते न घातल्यास कांहीं हजारांचें नुकसान. आठवीच्या गणितांतील प्रमाण या विषयाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाहीं. मोटार तर थेट पिनेस कधींच जोडूं नये. पिनेचें बळ कांहीं थोड्या मिलिअँपियरांचें.

बटणाचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. बटण दाबलेलें नसतां पिनेस ना वीज मिळते ना जमीन. ती अधांतरीं लोंबकळते, व हवेंतून येईल त्या विद्युत्प्रभावानें हो-नाहीं म्हणत राहते. गेल्या खेपेस एका चिरंजीवांनीं हात जवळ नेला कीं आपोआप लागणारा दिवा म्हणून हीच अधांतरी पिन परीक्षकांपुढें मांडली, आणि वाहवा मिळविली! बोर्डाच्या आंत प्रत्येक पिनेसाठीं वर ओढणारा किंवा खालीं ओढणारा रोधक असतो, तो आज्ञेंत मागितला कीं पिन स्थिर होते. त्या मुलास हें सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशीं त्यानें बटण नीट करून आणलें, तें आम्हांस पहिल्या चमत्काराहून अधिक आवडलें.

पालक म्हणतील, हें सारें ठीक, पण परीक्षेंत याला गुण किती? आणि बोर्ड जळला तर भरपाई कोणी करावयाची? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सरकारनें २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या नांवानें शाळाशाळांतून अशीं साधनें पुरविण्याची योजना चालविली, व पुष्कळ ठिकाणीं तीं साधनें पोंचलीं. परंतु जळण्याच्या भयानें तीं कांचेच्या कपाटांत कुलपांत राहणार असतील, तर तीं पोंचलीं काय आणि न पोंचलीं काय. ज्याच्या घरीं संगणक आहे त्या मुलास कपाट बंद असल्यानें फारसा तोटा नाहीं. ज्याचे वडील बांधकामावर जातात, त्याच्यासाठीं जगांतील एकुलता एक बोर्ड त्या कपाटांत आहे. वर्षाकाठीं एखाददुसरा बोर्ड जळावा व शाळेनें तो खडू-कागदाच्या खर्चांत धरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मुलींविषयींही दोन शब्द. गट पाडले कीं तारा मुलग्यांच्या हातीं जातात आणि तक्ता रंगविण्याचें काम मुलींकडे येतें. हें कोणी ठरवीत नाहीं, पण घडतें. सुवाच्य अक्षर हा गुण खरा. पण त्या गुणापायीं कोणास मल्टिमीटरास हात लावावयास मिळूं नये, हें आम्हांस मान्य नाहीं.

तेव्हां येत्या प्रदर्शनापासून आम्ही व्यवस्थापकांस पुढील विनंति करणार आहों. प्रत्येक गटाच्या टेबलावर प्रयोगाशेजारीं एक वही असावी. तींत दिवा न लागल्याची तारीख, काय एकच बदल केला, आणि त्यानें काय झालें, हें स्वतःच्या अक्षरांत लिहिलेलें असावें. निम्मे गुण त्या वहीस द्यावे. परीक्षकानें एक तार स्वतः उपटावी, आणि गटांतील कोणाही एकास, मग तो मुलगा असो वा मुलगी, दोष शोधावयास सांगावें. विकतचें मॉडेल आणणाऱ्यास बंदी घालण्याचें कारण नाहीं. त्याची तारही उपटावी म्हणजे झालें.

शनिवारीं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा दोन तास उघडी राहील. बोर्ड सहा आहेत, त्यांपैकीं दोन पांचव्या नमुन्याचे व चार जुने. कोणता कोणत्या जातीचा तें त्यावर चिटोरा लावून लिहिलें आहे. येणारांनीं वही व पेन्सिल आपली आणावी. तारा आम्ही देऊं.